चार आण्यांची कनात

कोरेगावाहून येताना सांगलीच्या स्टँडवर उतरलो आणि घरी गेलोच नाही. पाय मैदानाकडे वळले. हातात पिशवी, पिशवीत येशाच्या तेराव्याचे दोन लाडू, आणि डोक्यात येशाच्या बायकोनं सांगितलेली एक गोष्ट. ती गोष्ट ऐकल्यापासून मला काही सुधरत नव्हतं.

मैदानाला आता भिंत आहे. पुरुषभर उंच, सिमेंटची, वर काचा खोचलेल्या. मावळतीच्या अंगाला, जिथं येशाचा गोल असायचा, तिथं भिंतीला हात लावून बघितला. दिवसभराचं ऊन पिऊन भिंत तव्यासारखी तापली होती. आत शिट्टी वाजली. बॉलला लाथ बसल्याचा आवाज आला. साठ वर्षं मधे गेली, आणि पुन्हा तेच. खेळ आत, मी बाहेर.

मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. सून म्हणते, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. मी म्हणतो, माझं मी लिहीन. मागचं पुढं झालं तर झालं. माझंच मला नीट लागेना, तर तुम्हाला सरळ कुठून देऊ?

तेव्हा मैदानाला काहीच नव्हतं. भिंत नाही, तार नाही, दार नाही. चार वाटा येऊन मिळायच्या आणि मधे जो मोकळा तुकडा राहायचा तेच मैदान. खेळ सुरू झाला की वाटा थांबायच्या. टांगेवाला टांग्यातूनच बघायचा, घोडं आपलं गवत शोधायचं. न्हावी गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून यायचा, आणि मागोमाग ते गिऱ्हाईक. नदीवरून धुणं घेऊन येणाऱ्या बाया पाटी डोक्यावरच ठेवून उभ्या राहायच्या. कुणी खेळ बघायला म्हणून घरातून निघालेलं नसायचं. जाता जाता दिसला, म्हणून बघितला.

पाऊस सरला की आमचा हंगाम. जमिनीत ओल असायची, तिचा वास, तुडवलेल्या गवताचा वास, आणि आमच्या अंगाचा हळदीचा वास. आम्ही पेठेतले हमाल. मी, येशा, आणखी पंधरावीस जण. हळद तेव्हा जमिनीत पेवात साठवायची. पेव म्हणजे विहिरीसारखा खोल खड्डा, तोंड लहान, पोट मोठं. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. कंदील दोरीनं आत सोडायचा. तो विझला नाही तरच माणूस उतरायचा. खाली गार, काळोख, आणि वास असा की डोळ्यातून पाणी. वर आलो की आम्ही नखशिखांत पिवळे. लग्नाची हळद माणसाला एकदा लागते, आम्हाला रोजच लागलेली.

बॉल कातड्याचा, वर चपलेच्या वादीसारखी वादी. आतल्या रबरात सायकलच्या पंपानं हवा भरायची. पावसाळी दिवसात तो पाणी पिऊन दगड व्हायचा. आम्ही अनवाणी खेळायचो. म्हणजे ते खेळायचे. मी खेळत नव्हतो. मी येशाच्या गोलामागं उभा.

येशा कोरेगावचा. घरी ऊस, भाऊ चार, म्हणून हा सांगलीला मामाकडं हमालीला आला. हात लांब, सुपासारखे. बॉल त्या हातात गेला की विषय संपला. पण त्याला मागं मी लागायचो. गोलाला जाळी नव्हती, सुटलेला बॉल मी आणून द्यायचो, एवढंच काम. तरी तो म्हणायचा, "तू मागं हायस म्हंजी मला मागं बगायला लागत न्हाई." आणि बॉल आमच्या गोलाकडं आला की माझे दोन्ही हात आपोआप डोक्यावर जायचे. मला कळायचंही नाही. पेठ त्यावरून हसायची. "बगा रं, ह्येनं डोसकं धरलं, आता गोल हुतोय."

हाप-टाइमला पासोडी फिरायची.

पासोडी माझ्या आईची. जाड सुताची, दुहेरी, पांघरायची. आधी खेळाच्या कमिटीवाले खर्चाला डबा फिरवायचे, डब्यात पैसा टाकला की खण्ण वाजायचं, आणि कुणी किती टाकला ते सगळ्यांना कळायचं. पैसा नसलेला माणूस डबा दिसला की निघून जायचा. मी आईला म्हटलं, पासोडी देतीस? आई म्हणाली, "ने. पर हळद लावू नगंस." चार कोपरे चौघांनी धरायचे, आणि मैदानाच्या कडेनं एक फेरी. त्यात पैसा पडला तरी आवाज नाही. पेरू पडायचे, लिंबं पडायची, शेंगा पडायच्या. कवठे महांकाळकडून बोरं घेऊन येणारी आक्काबाई मूठभर बोरं टाकायची आणि म्हणायची, "त्या येशाला दे, त्यो धडपडला मगाशी." एकदा कुणीतरी नुसतं हळकुंड टाकलं. कुणी काहीच टाकायचं नाही, नुसता हात घालून काढायचं. पासोडी कुणाला विचारत नव्हती.

आणखी एक सांगतो. आमच्या घरानं देव सोडून फार वर्षं झाली नव्हती. आई स्वतःच्या हातानं देव नदीला देऊन आली होती. तोवर आमच्या घरातली वस्तू पेठेत कुणी हातात धरली नव्हती, आणि आता आईच्या पासोडीत सगळ्या पेठेचे हात पडत होते. आईनं यावर कधी एक शब्द काढला नाही. पण म्याचच्या दुसऱ्या दिवशी ती पासोडी धुवायची. कोपऱ्यांना आमच्या हातांचे पिवळे ठसे. साबण लागला की ते लाल व्हायचे, पाण्यात पुन्हा पिवळे. मग ती पासोडी मागं परड्यात न घालता पुढं, रस्त्याच्या अंगाला वाळत घालायची. सगळ्यांना दिसेल अशी.

मग कनात आली.

का आली, ते मला आजही नीट माहीत नाही. कुणी म्हणालं, बाहेरगावचे संघ बोलवायचेत, त्यांच्या गाडीखर्चाला. कुणी म्हणालं, आपल्या पोरांना बूट घ्यायचेत. मंडपवाल्याकडून लग्नातली पांढरी कनात आणून मैदानाभोवती बांबूवर ताणली. पूर्वेला एक दार ठेवलं. दारात टेबल, टेबलापाशी कमिटीचे आप्पा. आप्पा वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. पेठेत आम्हाला कधी अडीअडचणीला लागलं तर पहिला तोच. पाटीवर त्यानं खडूनं लिहिलं होतं. जमिनीवर चार आणे, खुर्चीला रुपया. नवे पैसे आले होते, पण आम्ही चार आणेच म्हणायचो.

आमच्या पेठेत हळदीचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा. मोठ्यानं कुणी बोलायचं नाही. आणि इथं खेळाचा भाव पाटीवर.

आक्काबाई टोपलं घेऊन दाराशी आली. "आप्पा, आत सोडा की."

"चार आणे, आक्का."

"आवं, मला काय समदा खेळ बगायचा हाय व्हय? हितनं तितं जास्तोवर बगती. धा मिंटं."

"दहा मिनिटाचं तिकीट नसतं."

"मग धा मिंटाची मानसं कुटं जायाची?" आक्का म्हणाली, आणि उत्तराला न थांबता कनातीच्या कडेकडेनं निघून गेली.

मी पासोडी खांद्यावर टाकून उभा होतो. आप्पानं माझ्याकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "आता पासोडी नको फिरवूस. बाहेरची माणसं येणार. बरं दिसत नाही."

बरं दिसत नाही. एवढंच म्हणाला. मी साठ वर्षं हे तीन शब्द उलटेपालटे करून बघतोय. भीक मागितल्यासारखं दिसतं म्हणून बरं दिसत नाही? का पासोडी आमच्या घरची म्हणून? आप्पाच्या तोंडावर मला तसलं काही दिसलं नव्हतं. पण मी तोंड कुठं नीट बघितलं? मी पासोडीच्या घड्या घालत होतो.

चार आणे नव्हते, असं नाही. पासोडीत मी आठ आणेसुद्धा टाकलेत, येशानं बॉल चांगला अडवला त्या दिवशी. पण टाकणं वेगळं आणि दारात भरणं वेगळं. ते मला तेव्हा सांगता आलं नाही, आजही येत नाही. त्या संध्याकाळी पेठेत पोत्यांच्या थप्पीवर उभा राहिलो आणि सगळ्यांना म्हणालो, "कनात उतरत न्हाई तवर आपल्यातला एक मानूस आत जानार न्हाई." सगळे व्हय म्हणाले. टांगेवाला म्हणाला, न्हावी म्हणाला. मला लय मोठं वाटलं. बोललो आणि पेठेनं ऐकलं, असं आधी कधी झालं नव्हतं.

येशा तेवढा व्हय म्हणाला नाही. नंतर मला बाजूला घेऊन गेला.

"गड्या, माझं पलटणीचं नक्की झालं. पुढच्या आठवड्यात निगायचं."

चीनच्या लढाईनंतरची भरती चालू होती. कोरेगावाकडनं घरटी एक जण जात होता.

"मग?" मी म्हणालो.

"मग काय? जायच्या आदल्या दिवशी म्याच हाय. शेवटचा. तू मागं हुबा र्‍हा, एवडंच."

"मी आत येनार न्हाई."

"मी पास मागून घेतलाय तुला." त्यानं खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला. वर कमिटीचा शिक्का.

"फुकट?"

"खेळनाऱ्याला एक मिळतो. माझा तुला."

"मी समद्यांना अडवून ठेवलंय आनि मीच फुकट आत जाऊ?"

"म्हंजी माझा शेवटचा म्याच मी रिकाम्या मैदानावर खेळू?"

"कनात तू बांदली न्हाईस, मी बी न्हाई."

येशानं तो पुठ्ठा परत खिशात घातला. मग म्हणाला, "तू लय हट्टी हायस." मी म्हणालो, "हाय." आणि तो गेला.

म्याचच्या दिवशी मी जायचं नाही असं ठरवलं होतं. दुपारी पाय निघाले. बघतो तर मावळतीच्या अंगाला, कनातीच्या बाहेर, येशाच्या गोलामागं, अर्धी पेठ आधीच उभी. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. हमाल, टांगेवाला, न्हावी, डोक्यावर टोपलं घेऊन आक्काबाई. आत जायचं नाही असा शब्द होता, बाहेर उभं राहायचं नाही असा नव्हता. मी मधोमध जाऊन उभा राहिलो. समोर पांढरं कापड. पाठीवर कलतं ऊन. कापडावर आपल्याच सावल्या, आणि बाकी सगळं कानानं.

कानानं खेळ बघितलाय कधी? बॉलचा आवाज जवळ आला की आम्ही कापडाकडं सरकायचो, लांब गेला की मागं. मधेच कोण ओरडायचं, कुणाला ते कळायचं नाही. टाळ्या वाजल्या, पण थोड्या. ठिकऱ्या पडल्यासारख्या. आत माणसं नव्हतीच, ते त्या टाळ्यांवरून समजलं. मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून लगेच वाईट वाटलं. वास मात्र कनातीवरून येत होता. ओल्या मातीचा, आणि आक्काच्या बोरांचा.

मग येशा हसला.

त्याचं हसणं मी हजारात ओळखीन. मोठ्यानं, पोटातून, कनातीच्या अगदी पलीकडं. हसतच होता, आणि धप्प झालं, शिट्टी वाजली. खुर्च्यांच्या बाजूनं ओरडा. गोल. गोल खाणारा माणूस हसतो कशाला?

मला एकच सुचलं. आम्हाला हसला. बाहेर भिकाऱ्यासारखे कापडाला तोंड लावून उभे आहेत, म्हणून आतली खुर्चीवाली हसली असतील, आणि त्यांच्याबरोबर येशापण. मी वळलो आणि चालायला लागलो. आक्का मागून म्हणाली, "आरं, संपला न्हाई अजून." मी थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी येशाची गाडी. सगळी पेठ ठेसनावर गेली. मी मुकादमाला म्हणालो, आज पेव उघडायचं माझ्याकडं द्या. कंदील सोडला. तो खाली जाऊन गोल गोल फिरत राहिला, विझला नाही. तरी मी उतरलो नाही. पेवाच्या तोंडाशी बसून राहिलो. गाडीची शिट्टी झाली. दोरी हातात तशीच.

कनात दोन हंगाम टिकली. आधी चार आण्याचे दोन आणे केले. मग दुसऱ्या हंगामाअखेर मंडपवाला आला आणि गुंडाळून घेऊन गेला. आप्पा पेठेत येऊन स्वतः सांगून गेला, "मोकळं केलंय, या आता." मला वाटलं, जिंकलो. पण माणसं आली नाहीत. न्हावी आला नाही, टांगा थांबला नाही. मी आक्काला विचारलं, "आता तर फुकट हाय, येत का न्हाईस?"

"त्या वाटंनं आता जातच न्हाई मी," ती म्हणाली. "कनात हुती तवा पल्याडच्या बोळातनं जायाला लागली. आता त्येच पायाखालचं झालंय."

एवढं साधं. रागावून नाही, पैशासाठी नाही. वाट बदलली, म्हणून. मला आजही समजत नाही, ती वाट कुणी बदलली. चार आण्यांनी, का पोत्यांच्या थप्पीवर चढून बोललेल्या माझ्या एका शब्दानं?

पासोडी पुन्हा फिरली नाही. आईनं ती अंथरायला घेतली. घडीच्या आतल्या अंगाला ठसे लय वर्षं राहिले होते.

येशा रजेवर यायचा, भेटायचा. पेन्शन घेऊन कोरेगावला उसात रमला. त्याच्या पोरींच्या लग्नाला मी गेलो, माझ्या पोराच्या लग्नाला तो आला. पाऊस, ऊस, गुडघे, सगळं बोलून झालं. त्या दिवसाचा विषय त्यानं काढला नाही, मी विचारलं नाही. मला वाटायचं, हसला तो, सांगेल तो. त्याला काय वाटायचं, देव जाणे. आमच्या घरात देव नाही, तरी म्हणतो.

परवा तेराव्याला जेवणं उरकली. त्याची बायको, शेवंता वहिनी, माझ्याजवळ येऊन बसली.

"भावजी, तुमची लय आठवन काडायचं. म्याचचं तर शेवटपातूर सांगायचं."

"कुठल्या म्याचचं?"

"आवं, पलटणीत जायच्या आदल्या दिवशीचं. म्हनायचं, आत धा-बारा टाळकी. मन लागंना. सहज मागं बगितलं, तर समदी पेठ कापडावर हुबी! उनाच्या सावल्या. आक्काबाई टोपल्यासकट. आनि मधी आमचा गडी, दोनी हात डोसक्यावर. बॉल पार तिकडच्या टोकाला, आनि ह्येनं हिकडं डोसकं धरलेलं! म्हनायचं, मला हसू आवरंना, तेवड्यात बॉल आला."

मी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"मग मला का न्हाई कधी म्हनाला?"

"तुमी इचारलं का?"

वहिनी पदरानं डोळे पुसत हसली. "तसं त्येंचं एक सांगनं कवा नसायचं. कवा म्हनायचं गोल झाला, कवा म्हनायचं हसता हसता अडवला."

आता हे कसं लावू? शिट्टी मी ऐकली होती. गोल झाला होता. का अडवला होता, आणि शिट्टी दुसऱ्याच कशाची? मी कापडाच्या बाहेर होतो. मी ऐकलं ते खरं, का त्यानं बघितलं ते? आणि मी आत गेलो नाही म्हणून तो एकटा पडला असं साठ वर्षं मानत आलो, तर तो म्हणतो सगळी पेठ होती. पास घेऊन आत गेलो असतो, तर कापडावर कोण उभं राहिलं असतं?

हे सगळं घेऊन मी त्या भिंतीशी उभा होतो. ऊन पाठीवर होतं. सावली भिंतीवर पडली होती, चांगली लांब. पण ही भिंत वीतभर जाडीची. आतल्याला काय दिसणार? कनात बरी होती म्हणायची वेळ माझ्यावर यावी!

फिरून पूर्वेला गेलो. दाराशेजारी खिडकी, खिडकीत एक बाई बसलेली. मी म्हणालो, "एक तिकीट."

"बाबा, साठीच्या पुढं तिकीट नाही. तुम्ही असेच जा."

"फुकट नगं. तिकीट दे."

"अहो, शेवटची दहा मिनिटं राहिलीत. कशाला पैसे घालवता?"

"मला धाच मिंटं बगायची हायत."

ती हसली. मोठ्यानं हसली, अगदी पोटातून. पाय वळायला लागले होते. पण मी थांबलो आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "का हसलीस गं?"

"तसं काही नाही, बाबा," ती म्हणाली. "पिशवीसकट दोन्ही हात डोक्यावर धरून तिकीट मागताय, म्हणून."

आत बॉलचा आवाज जवळ येत होता. तिकीट घ्यायला मी एक हात खाली घेतला.